ओंजळीतलं पिल्लू घरी आणण्यापूर्वी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज ज्या प्राण्याविषयी मी बोलणार आहे, तो ओंजळीत मावतो. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याचं वजन साधारण दीड ते तीन किलो भरतं, म्हणजे भाजीच्या पिशवीपेक्षा कमीच. कुत्र्यांच्या मान्यताप्राप्त जातींमधली ही सर्वांत लहान जात. नाव लिहिताना बरेच जण ‘चिहुआहुआ’ लिहितात, पण उच्चार आहे ‘चिवावा’. मेक्सिको देशात या नावाचं एक राज्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन प्रवाशांनी तिथून ही इवली कुत्री विकत नेली आणि त्या राज्याचंच नाव त्यांना चिकटलं. अमेरिकन केनेल क्लबने १९०८ साली पहिल्या चिवावाची नोंद केली. आता पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्येही हे मोठाल्या कानांचं, बटबटीत डोळ्यांचं ध्यान कुणाच्या तरी हातावर बसून लिफ्टमधून खाली येताना दिसतं.

पशुवैद्य म्हणून माझ्याकडे येणारी मंडळी आधी पिल्लू आणतात आणि मग प्रश्न विचारतात. हा क्रम उलटा व्हावा, एवढ्यासाठीच आजचं बोलणं. चिवावा घेऊ नका, असं मी सांगणार नाही. चांगल्या घरात तो अतिशय प्रेमळ, चलाख आणि निष्ठावान सोबती होतो. पण ‘लहान कुत्रा म्हणजे लहान जबाबदारी’ हा जो आपला समज आहे, तो मात्र मनातून काढून टाकायला हवा.

पहिला हिशेब वर्षांचा. हा कुत्रा चौदा ते सोळा वर्षं जगू शकतो. घरातलं मूल पाचवीत असताना हट्ट करतं आणि आपण पिल्लू आणतो. ते मूल पंचवीस वर्षांचं होईल, शिक्षणासाठी परगावी जाईल, नोकरीला लागेल, कदाचित परदेशी जाईल, तेव्हाही हा जीव तुमच्या घरात असेल. म्हणून पिल्लू मुलासाठी आणलं असलं, तरी ते आई-वडिलांचंच असतं, हे आधीच मान्य करावं.

याचीच दुसरी बाजू आपल्या शहरांत हल्ली वरचेवर दिसते. मुलगा-सून परदेशात आणि आई-वडील इथे तीन खोल्यांच्या घरात दोघंच. ‘त्यांना सोबत होईल’ म्हणून मुलं वाढदिवसाला पिल्लू भेट देतात. भावना चांगली आहे. चिवावाला दूरवर फिरवावं लागत नाही, तो साखळी ओढून कुणाला पाडत नाही, त्यामुळे ज्येष्ठांना तो सोयीचाही वाटतो. पण सत्तरीच्या आजोबांना गुडघ्यांत घोटाळणारं, रंगाने फरशीत मिसळून जाणारं पिल्लू दिसलं नाही तर अडखळून दोघांनाही इजा होते. आणि त्याहून अवघड प्रश्न म्हणजे, आजी-आजोबांना रुग्णालयात राहावं लागलं किंवा ते राहिलेच नाहीत, तर या कुत्र्याचं काय? अशी आठ-दहा वर्षांची, एकाच माणसाच्या मांडीची सवय झालेली कुत्री मी पाहिली आहेत. नातेवाईक दोन-तीन दिवस ठेवून घेतात आणि मग दवाखान्यात येऊन विचारतात, ‘कुणी घेईल का हो?’ म्हणून ज्येष्ठांना पिल्लू भेट देणाऱ्याने त्याच दिवशी स्वतःला विचारावं, की उद्या वेळ आली तर हा कुत्रा मी माझ्या घरी नेणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी भेट शोधावी.

आता थोडं या कुत्र्याच्या शरीराविषयी. तान्ह्या बाळाची टाळू भरायची असते, हे आपल्याकडे प्रत्येक घरात ठाऊक असतं. चिवावाच्या पिल्लाच्या डोक्यावरही तशीच मऊ जागा असते, आणि अनेक चिवावांमध्ये ती मोठेपणीही पूर्ण भरत नाही. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. मात्र डोक्याला लागलेला साधा टोलाही त्यांना महागात पडू शकतो. पिल्लाचं डोकं अंगाच्या मानाने फारच मोठं दिसत असेल, डोळे बाहेरच्या बाजूला वळलेले असतील, ते सुस्त असेल, गोल गोल फिरत असेल, तर मेंदूत पाणी साठण्याचा विकार आहे का, हे तपासून घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट हाडांची. या कुत्र्याची खांद्यापर्यंतची उंची पाऊण फुटाच्या आतच असते. आपला सोफा दीड फुटाचा. म्हणजे सोफ्यावरून उडी मारताना तो आपल्या दुप्पट उंचीवरून उडी मारतो. त्यातून आपल्या घरातल्या गुळगुळीत फरश्या! पुढच्या पायाचं हाड मोडलेली अशी पिल्लं आमच्याकडे येतात, तेव्हा घरचे म्हणतात, ‘फार उंचावरून नाही हो पडलं, हातातून निसटलं इतकंच.’ आपल्या हाताची उंची त्याच्या दृष्टीने काय असते, याचा विचार आपण केलेला नसतो. शिवाय या जातीत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा दोष बराच आढळतो. चालता चालता कुत्रा मध्येच एक मागचा पाय उचलून तीन पायांवर दोन-चार उड्या मारतो आणि पुन्हा नीट चालू लागतो. लोकांना ती गंमत वाटते. ती गंमत नाही, दुखणं आहे.

म्हणूनच घरात पाच-सहा वर्षांखालचं मूल असेल तर ही जात शक्यतो टाळावी, असं मी सांगते. लहान मुलं वाईट नसतात, पण बाहुलीला जसं उचलतात तसंच ती पिल्लाला उचलतात. मग एक तर पिल्लू पडतं, नाही तर भेदरून चावतं. इवलासा दात लागला म्हणून चावा इवलासा ठरत नाही. कोणत्याही कुत्र्याचा दात लागून कातडी फाटली, ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. ‘घरचंच पिल्लू आहे’ म्हणून हळद लावून गप्प बसू नये. रेबीजला पिल्लाचा आकार कळत नाही.

तिसरी गोष्ट आहाराची, आणि इथे एक धोका प्रत्येकाने लक्षात ठेवावा. चिवावाच्या पिल्लाच्या अंगात शिल्लक अशी फार थोडी असते. सात-आठ तास पोट रिकामं राहिलं, जुलाब झाले, थंडी वाजली किंवा नव्या घरात बुजून ते जेवलंच नाही, तर त्याच्या रक्तातली साखर एकदम खाली येते. पिल्लू मलूल होतं, झोकांड्या खातं, थरथरतं, झटके येऊन बेशुद्धही पडतं. अशा वेळी त्याच्या हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचं दाट पाणी बोटाने चोळावं, त्याला उबदार कापडात गुंडाळावं आणि तडक दवाखाना गाठावा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात दूध-पाणी ओतू मात्र नये, ते फुप्फुसात जातं. हा प्रसंग टाळायचा तर सुरुवातीचे काही महिने दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्यावं लागतं. नवरा-बायको दोघंही सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतणार असतील, तर हे चार-पाच वेळा कोण करणार? पिल्लू आणण्याआधी विचारायचा हा सर्वांत साधा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

मोठेपणी चिंता उलट्या बाजूची. दोन किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण दीडशे ते दोनशे कॅलरी पुरतात. आपली एक तूप लावलेली पोळी शंभराच्या पुढे जाते. ग्लुकोजची चार बिस्किटंही जवळपास तेवढीच. आजोबांच्या चहाबरोबर दोन, आजीच्या चहाबरोबर दोन, असं झालं की कुत्र्याचा अर्धा दिवस चहातच उरकला. मग वजन वाढतं आणि त्या काडीसारख्या पायांवर आणि हृदयावर भार येतो. आणखी एक, आपल्या रश्श्यातला कांदा-लसूण, प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगममधला झायलिटॉल हे सगळं कुत्र्यांना विषारी आहे. मोठ्या कुत्र्याला कदाचित पचून जाईल एवढं प्रमाण दोन किलोच्या जिवाला घातक ठरतं. तेच औषधांचं. आपल्या अंगदुखीच्या गोळीचा तुकडा ‘लहान आहे म्हणून पाव’ असा स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये.

दातांकडे तर जवळजवळ कुणाचंच लक्ष नसतं. मोठा कुत्रा असो की चिवावा, दात बेचाळीसच. आता एवढ्याशा जबड्यात बेचाळीस दात बसवायचे म्हणजे लोकलमधली संध्याकाळची गर्दी! त्यातून दुधाचे दात वेळेवर पडत नाहीत आणि नवे दात शेजारी येऊन दुहेरी रांग होते. सहा-सात महिन्यांचं झालं की तोंड उघडून हे पाहावं आणि गरज असेल तर राहिलेले दुधाचे दात काढून घ्यावेत. पुढे रोज मऊ ब्रशने, कुत्र्यांसाठीच्या पेस्टने दात घासावे लागतात. नाही घासले तर पाच-सहा वर्षांत हिरड्या सडतात, तोंडाला वास येतो, दात पडतात. तेव्हा रोज दात घासायची तयारी आहे का, हाही एक प्रश्न यादीत लिहून ठेवा.

गळ्यात पट्टा घालण्यापेक्षा छातीवरून येणारा हार्नेस वापरावा, कारण या जातीत श्वासनलिका नाजूक असते आणि गळ्याला हिसका बसला की खोकला सुरू होतो. थंडी त्याला सोसत नाही. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरमध्ये त्याला स्वेटर लागतो, ती फॅशन नव्हे. मात्र मेक्सिकोचा म्हणून त्याला वैशाखातल्या दुपारी फिरवू नये किंवा बंद गाडीत ठेवू नये. पावसाळ्यात लेप्टोची लस आणि वर्षभर गोचिडांवरचा उपाय चुकवू नये. गोचीडतापाने एवढ्याशा कुत्र्याचं रक्त झपाट्याने कमी होतं.

स्वभावाचं काय? चिवावाला आपण लहान आहोत, हे कुणी सांगितलेलं नसतं. तो रस्त्यावरच्या टोळीवरही भुंकतो आणि ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. घरात तो एका माणसाला धरून राहतो आणि बाकीच्यांवर गुरगुरतो. हे पुष्कळसं आपणच शिकवलेलं असतं. मोठा कुत्रा गुरगुरला तर आपण त्याला वळण लावतो, हा गुरगुरला तर हसून मोबाइलवर चित्रीकरण करतो. त्याला सतत कडेवर घेतलं की जमिनीवरचं जग त्याला भीतीचं वाटू लागतं. तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लाला निरनिराळी माणसं, आवाज, कुकरची शिट्टी, दारावरची घंटा यांची ओळख करून दिली, तर पुढचा बराच भुंकाट वाचतो. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नये, पण कडेवर घेऊन जग दाखवायला हरकत नाही. शी-शूची सवय लागायलाही वेळ लागतो, कारण मूत्राशयच लहान. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी ठरलेल्या जागी न्यावं लागतं, आणि सुरुवातीला रात्रीसुद्धा.

आता पिल्लू घ्यायचं कुठून? खरी मेख इथे आहे. भारतात कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीसंबंधीचे नियम केंद्र सरकारने २०१७ साली केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात चार-पाच आठवड्यांची पिल्लं विकली जातात. कारण साधं आहे, पिल्लू जितकं लहान तितकं गोंडस, आणि जितक्या लवकर विकलं तितका विकणाऱ्याचा खर्च कमी. पण या वयात आईपासून तोडलेलं पिल्लू धड खाऊ शकत नाही, त्याची प्रतिकारशक्ती अपुरी असते आणि चावण्याला आवर घालणं ते आई-भावंडांकडून शिकलेलं नसतं. विकणारा ‘दोन महिन्यांचं आहे’ म्हणाला तर तोंड उघडून पाहावं. आठ आठवड्यांच्या सुमारास दुधाचे अठ्ठावीस दात बहुतेक आलेले असतात. नुसत्या हिरड्या किंवा दोन-चार टोकं दिसली तर काय समजायचं ते समजावं.

‘टी-कप चिवावा’ हा आणखी एक सापळा. अशी वेगळी जात किंवा उपजात कोणतीही मान्यताप्राप्त संस्था मानत नाही. कोपातलं पिल्लू म्हणून जास्त पैसे मोजून जे दिलं जातं, ते एक तर फार लहान वयाचं असतं, नाही तर कुपोषित किंवा दुबळं. मघाशी सांगितलेले टाळूचे, साखरेचे, हाडांचे सगळे धोके त्याच्या बाबतीत वाढतात. शिवाय त्याच्या आईचा विचार कुणी करत नाही. चिवावाच्या पिल्लांची डोकी मोठी आणि मादीची कमर अरुंद, त्यामुळे बाळंतपण अनेकदा अडतं आणि शस्त्रक्रिया करावी लागते. छोट्यात छोटं पिल्लू हवं म्हणून छोट्यात छोट्या मादीला वारंवार गाभण ठेवणाऱ्याला आपले पैसे जाणार असतील, तर त्या हौसेत आपलाही वाटा आहे.

म्हणून पिल्लू आईसोबत पाहायला मिळत असेल, तरच घ्यावं. ‘तुमच्या सोसायटीच्या गेटवर आणून देतो’, ‘फोटोवर पसंत करा, आगाऊ रक्कम पाठवा’ म्हणणाऱ्याला नकार द्यावा. आई कुठे राहते, ती माणसांना घाबरते का, जागा स्वच्छ आहे का, हे डोळ्यांनी पाहावं. पिल्लू आपल्याकडे चालत येतं का, पाय सरळ टाकतं का, डोळे-नाक कोरडे आहेत का, पोट जंतांमुळे टम्म फुगलेलं नाही ना, हे पाहावं. लसीचं पुस्तक मागावं. पार्व्होची लागण झालेलं पिल्लू पहिले तीन-चार दिवस अगदी ठणठणीत दिसू शकतं. घरी आणल्यावर पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात, तोवर मुलांनी त्याचं नाव ठेवलेलं असतं. त्या रात्री त्या घरात काय होतं, ते आम्ही पाहतो. म्हणून घाई नको, आणि पिल्लू आणल्यावर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे तपासणी हवीच. सहा-आठ आठवड्यांपासून लसी सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत त्या ठरावीक अंतराने द्याव्या लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांनी, आणि पुढे नियमित. महापालिकेचा परवानाही विसरू नये. सोसायटी अडवेल अशी भीती अनेकांना असते. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण शेजाऱ्यांना दिवसभराचा भुंकाट सहन करायला लावण्याचा हक्क आपल्यालाही मिळत नाही.

आणि सुटीत काय? गणपतीत कोकणात जायचं, लग्नाला नागपूरला जायचं. रेल्वेत कुत्रा सोबत ठेवायचा तर पहिल्या वर्गाचा अख्खा कुपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते, नाही तर त्याला गार्डच्या डब्यात जावं लागतं. दोन किलोच्या चिवावाला एकट्याने तिथे पाठवण्याचा विचारही नको. म्हणजे चार दिवस सांभाळणारं विश्वासाचं माणूस आधीच शोधून ठेवायला हवं.

हौस जाहिरातीतून आणि सिनेमातून येते, हे आपण अनुभवलेलं आहे. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे पळणारा पग आला आणि घराघरांत पग हवा झाला. पुढे त्यांच्या धापा टाकण्याचे उपचार आम्ही करत बसलो. अमेरिकेत ‘लीगली ब्लाँड’ २००१ साली आणि ‘बेव्हर्ली हिल्स चिवावा’ २००८ साली पडद्यावर आला. २००९-१० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या प्राण्यांच्या निवाऱ्यांत चिवावांची इतकी गर्दी झाली, की काहींना घर मिळावं म्हणून विमानाने दूरच्या राज्यांत पाठवावं लागलं. यात कुत्र्यांचा दोष काय होता? ते पडद्यावरच्यासारखे वागले नाहीत, इतकाच.

शेवटी एक सोपी तालीम सुचवते. पिल्लू आणण्याआधी एक महिना ते घरात आलंच आहे, असं समजून वागून पाहा. सकाळी सहाला कुणी तरी उठायचं. दुपारी दोन वेळा कुणी तरी घरी असायचं. संध्याकाळी अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून जमिनीवर बसायचं. रात्री एकदा उठायचं. सोफ्याच्या कडेला पायरी, जिन्याला छोटं फाटक, बाल्कनीच्या गजांना जाळी लावून घ्यायची. खाणं, लसी, दात, अडीअडचण यांसाठी दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या पाकिटात टाकायची. महिनाभर हे जमलं आणि कुणी कुरकुर केली नाही, तर खुशाल आणा. नाही जमलं, तर पाकिटातले पैसे तुमचेच आहेत आणि कुणाचंही नुकसान झालेलं नाही. कदाचित तेव्हा लक्षात येईल, की आपल्याला चिवावा नव्हे, तर थोडा धडधाकट, आपल्या हवेत सहज रुळणारा देशी कुत्रा जास्त जमेल, किंवा कुणाकडून तरी सुटलेला, वळण लागलेला मोठा कुत्रा. तोही तितकंच प्रेम करतो.

हौसेला मोल नसतं, असं आपण म्हणतो. या हौसेचं मोल मात्र असतं, आणि आपण ते चुकवलं नाही तर ते त्या ओंजळीतल्या जिवाला चुकवावं लागतं. तेवढं लक्षात ठेवून निर्णय घ्या.